आकाश बंद करायचं, तर कोणत्या आकड्यावर? एप्रिल २०१० चं प्रकरण

१५ एप्रिल २०१०, गुरुवार. आइसलँडमधल्या ज्वालामुखीची राख हवेत पसरली म्हणून ब्रिटनच्या हवाई वाहतूक नियंत्रणाने दुपारी बारापासून देशाचं आकाश प्रवासी विमानांना बंद केलं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेचार वाजले होते. पुढच्या दोन दिवसांत उत्तर आणि मध्य युरोपातले बहुतेक देश त्याच वाटेने गेले. २० एप्रिलच्या रात्री आकाश उघडायला लागलं, तोवर एक लाखाहून जास्त उड्डाणं रद्द झाली होती आणि सुमारे १ कोटी प्रवासी अडकले होते. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे आयाटाने, कंपन्यांचं बुडालेलं उत्पन्न १.७ अब्ज डॉलर सांगितलं. या सगळ्या काळात लंडनवरचं आभाळ निरभ्र, निळंशार होतं. खाली उभ्या माणसाला राख दिसत नव्हती. वाद पेटला तो त्यामुळेच.

धुळे आणि जळगावात शेतमाल निर्यातीचे प्रशिक्षणवर्ग घेताना मी हे प्रकरण हमखास मांडतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, की आइसलँडच्या ज्वालामुखीचा आणि तापीकाठचा संबंध काय. रावेर-यावलची केळी जहाजाने जाते. वातानुकूलित कंटेनर न्हावा शेवाला चढतो आणि आखातात उतरतो, त्याला आकाश उघडं की बंद याचं सोयरसुतक नाही. पण भेंडी, हिरवी मिरची, कारली असला माल लंडनला जातो तो विमानाच्या पोटातून, आणि बराचसा प्रवासी विमानाच्याच पोटातून. वर माणसं बसलेली असतात, खाली भेंडीची खोकी. माणसं उडाली नाहीत तर भेंडीही उडत नाही.

म्हणून वर्गात मी एक काल्पनिक गाडी सोडतो. १४ एप्रिलच्या रात्री शिंदखेड्याहून भेंडीचा टेम्पो निघाला असं धरा. धुळ्याला मुंबई-आग्रा रस्त्याला लागला, नाशिक, कसारा घाट करून पहाटे वाशीच्या पॅकहाउसला पोचला. दुपारपर्यंत प्रतवारी झाली, वाकडी-जून भेंडी बाजूला निघाली, खोकी भरली, कागद झाले. माल सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळाच्या, कार्गोकडे निघतो न निघतो तोच साडेचार वाजले. आता पुढे काय?

त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी डोंगराकडे जाऊ.

डोंगराने दोनदा वेगळं वागून दाखवलं

एयाफ्यात्लायोकुल हे त्या हिमनदीचं नाव. वर्गात मी ते एकदाच उच्चारतो, दुसऱ्यांदा उच्चारण्याची हिंमत होत नाही. उद्रेक सुरू झाला तो २० मार्च २०१० ला, मुख्य शिखराच्या बाजूला, एका लांब भेगेतून. बेसॉल्टचा पातळ लाव्हा बाहेर येत होता, राख फारशी नव्हती, आणि लोक हौसेने बघायला जात होते. तो प्रकार आपल्याला परका नाही. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत आपण ज्या काळ्या कातळावर राहतो, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी असाच भेगांतून थर थर करून वाहिलेला आहे. कापसाची काळी माती त्याच कातळाची झीज. असा उद्रेक महिनोन्महिने चालला तरी विमानांना त्याचा विशेष उपद्रव होत नाही.

१४ एप्रिलला जागा बदलली. आता तोंड उघडलं ते थेट बर्फाच्या टोपीखाली. मॅग्माही वेगळा होता, जास्त सिलिका आणि जास्त वायू असलेला. वितळलेल्या बर्फाचं पाणी त्याला भिडलं, तो क्षणात थिजला आणि फुटला. त्यातून अत्यंत बारीक, काचेसारखी राख तयार झाली आणि आठ-नऊ किलोमीटर उंच गेली. त्याच आठवड्यात वरच्या थरातला वारा वायव्येकडून थेट युरोपवर वाहत होता. उद्रेक जगातल्या मोठ्या उद्रेकांत मोडणारा नव्हता. बारीक राख, पक्का वारा आणि जगातलं सर्वांत गर्दीचं आकाश, या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळल्या.

राख इंजिनात गेली की काय होतं

या राखेला चुलीतली राख समजू नये. चुलीतली राख जळून उरलेली असते, ही दगडाची आणि काचेची भुकटी असते. ती साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊन वितळते. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात तापमान १४०० अंशांच्याही वर असतं. राख आत गेली की वितळते आणि पुढच्या, त्या मानाने थंड असलेल्या टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन पुन्हा थिजते. हवेची वाट अरुंद होते, इंजिन गुदमरतं आणि विझतं. शिवाय पात्यांना थंड ठेवणारी बारीक छिद्रं बुजतात, पुढची काच खरवडून धुरकट होते, वेग मोजणाऱ्या नळ्या तुंबतात. विमानातलं हवामान रडार पाण्याच्या थेंबांसाठी बनवलेलं असतं, ही कोरडी बारीक राख त्याला दिसत नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ विमान, लंडनहून मुंबईमार्गेच पुढे ऑकलंडकडे निघालेलं, जावाच्या दक्षिणेला गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. चारही इंजिनं बंद पडली. २६३ माणसं घेऊन ते ३७,००० फुटांवरून तरंगत खाली आलं. राखेबाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा लागली आणि ते जाकार्ताला उतरलं, तेही समोरच्या खरवडलेल्या काचेतून धड काही दिसत नसताना. १५ डिसेंबर १९८९ ला अलास्कात रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमच्या नव्या कोऱ्या ७४७ ची चारही इंजिनं विझली. तेही वाचलं, दुरुस्तीचा खर्च मात्र ८ कोटी डॉलरच्या पुढे गेला.

ज्वालामुखीच्या राखेमुळे प्रवासी जेट कोसळून माणसं मेल्याची एकही नोंद नाही. आकाश उघडं ठेवा म्हणणाऱ्यांचा हा आवडता मुद्दा, आणि तो खराही आहे. पण वरच्या दोन्ही विमानांतले लोक वाचले ते उंची हाताशी होती म्हणून. दहा हजार फूट कमी उंचीवर, खाली डोंगर असताना हेच झालं असतं तर हा मुद्दा मांडता आला नसता.

नियम होता, आकडा नव्हता

१९८२ आणि १९८९ नंतर जगाने एक व्यवस्था उभी केली. राखेवर नजर ठेवणारी नऊ सल्ला केंद्रं नेमली, पृथ्वी त्यांच्यात वाटून दिली. आइसलँड लंडन केंद्राकडे, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याकडे आलं. भारताचा बराचसा भाग फ्रान्समधल्या तुलूझ केंद्राच्या नकाशात येतो, अंदमानचा बॅरन बेटावरचा ज्वालामुखी ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या. पायलटांना दिलेला नियम अगदी साधा होता: राख असेल तिथे जाऊ नका.

अलास्कात किंवा इंडोनेशियात हा नियम चालून जातो. तिथे आकाश प्रशस्त आहे, शेदोनशे किलोमीटर वळसा घातला की काम होतं. युरोपात वळसा घालायला जागाच नाही. आणि "राख असेल तिथे" म्हणजे किती राख, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. संगणकावरच्या प्रारूपाने एखाद्या ठिकाणी थोडी जरी राख दाखवली तरी ते ठिकाण बंद. प्रारूपात भरायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे डोंगर दर सेकंदाला किती राख ओकतोय, ती कुणी मोजलेली नव्हती. धुराच्या स्तंभाची उंची पाहून तिचा अंदाज बांधला जात होता.

इंजिन किती राख सहन करतं हे सांगायला हवं होतं ते इंजिन बनवणाऱ्यांनी. त्यांनी ते जवळजवळ तीस वर्षं सांगितलं नाही. कारण उघड आहे. आकडा द्यायचा तर कोट्यवधींची इंजिनं राख घालून खराब करून बघावी लागतात, आणि आकडा दिल्यावर उद्या काही झालं तर न्यायालयात तोच आकडा समोर येतो. "राख टाळा" म्हणण्यात कुणाचं काही जात नव्हतं. डोंगर युरोपच्या वाऱ्यावर जागा झाला त्या दिवशी मात्र सगळ्यांचंच गेलं.

इथे वर्गात नेहमी केळीवाले जागे होतात, कारण हे दुखणं त्यांच्या ओळखीचं आहे. हवामान आधारित फळपीक विम्यात केळीची भरपाई नुसतं शेत बघून ठरत नाही, आधी ट्रिगर, म्हणजे हवामानाचा ठरलेला आकडा, लागतो: थंडीच्या दिवसांत किमान तापमान सलग तीन दिवस ठरलेल्या अंशाखाली गेलं पाहिजे, किंवा वारा ठरलेल्या वेगापुढे गेला पाहिजे. आणि ते मोजायचं महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर. रावेरकडच्या एका शेतकऱ्याने मला सुनावलं होतं, "सर, केंद्र तिकडे, बाग इकडे. माझी केळी आडवी झाली आणि केंद्राचा काटा हललाच नाही, तर मी काय करू?" मी म्हटलं, लंडनच्या विमान कंपन्या १७ एप्रिलला हेच म्हणत होत्या, फक्त उलट्या बाजूने: काटा हललाय, पण आमच्या विमानाला राख कुठे दिसतेय?

फरक एक आहे आणि तो मोठा आहे. केळीवाल्याला निदान ट्रिगर माहीत असतो. तो चुकीचा वाटला तर तो भांडू शकतो, निवेदन देऊ शकतो, दुसऱ्या केंद्राची नोंद मागू शकतो. युरोपातल्या कंपन्यांना भांडायला आकडाच नव्हता.

सहा दिवसांत कोण काय म्हणालं

पहिले दोन दिवस फारसं कुणी कुरकुरलं नाही. शनिवार-रविवारी चित्र पालटलं. शनिवारी लुफ्तान्झाने दहा विमानं प्रवाशांशिवाय म्युनिकहून फ्रँकफर्टला नेली, केएलएमनेही चाचणी उड्डाणं केली. १८ तारखेला ब्रिटिश एअरवेजचे प्रमुख विली वॉल्श स्वतः एका ७४७ मध्ये बसून उडाले. सगळ्यांनी उतरून एकच सांगितलं: काही झालं नाही. त्याच रविवारी पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचा अंत्यसंस्कार होता, ओबामा आणि मर्केल पोचू शकले नाहीत. केनियात युरोपला जाणारी गुलाबाची फुलं टाकून द्यावी लागली. आयर्लंडहून येणारे सुटे भाग न पोचल्याने निस्सानचं जपानमधलं काही उत्पादन थांबलं. ब्रिटनमध्ये तर निवडणुकीचा प्रचार चालू होता.

"काही झालं नाही" या पुराव्याबद्दल माझं मत कडक आहे: तो पुरावा नव्हे. फेब्रुवारी २००० मध्ये नासाचं एक डीसी-८ संशोधन विमान आइसलँडच्याच हेक्ला ज्वालामुखीच्या विरळ राखेतून नकळत गेलं. वैमानिकांना काही जाणवलं नाही, इंजिनांच्या काट्यांवर काही दिसलं नाही. विमानात मोजणीची उपकरणं होती म्हणून कळलं तरी. नंतर इंजिनं उघडली तेव्हा थंड हवेची छिद्रं बुजलेली निघाली, आणि दुरुस्तीला ३२ लाख डॉलर लागले. २०१० मध्येही १५ तारखेला सरावासाठी उडालेल्या फिनलंडच्या हवाई दलाच्या एफ-१८ विमानांच्या इंजिनांत वितळून थिजलेली राख सापडली होती. वॉल्श उडाले आणि सुखरूप उतरले, यावरून एवढंच सिद्ध होतं की त्या वाटेवर त्या वेळी फार राख नव्हती.

दुसऱ्या बाजूची चूक मला तितकीच मोठी वाटते. आकाश बंद करणाऱ्यांनी मोजायला उशीर केला. राखेचे थर खरोखर किती दाट आहेत हे सांगू शकणारं जर्मनीचं संशोधन विमान, फाल्कन, मोजणीसाठी उडालं ते १९ तारखेला. म्हणजे पाचव्या दिवशी. तोवर खंडभराचा व्यवहार एका प्रारूपाच्या नकाशावर थांबलेला होता.

१९ तारखेला युरोपच्या वाहतूकमंत्र्यांनी दूरचित्र-बैठक घेतली आणि "सगळं बंद" सोडून राखेच्या प्रमाणाप्रमाणे आकाशाचे पट्टे पाडण्याची कल्पना मान्य केली. २० तारखेला ब्रिटनच्या नागरी विमान नियामकाने, इंजिन कंपन्यांशी बोलून, आकडा जाहीर केला: एका घनमीटर हवेत २ मिलिग्रॅमपर्यंत राख असेल तर जादा तपासणी करून उडता येईल, त्यापुढे नाही. रात्री दहाच्या सुमारास विमानं उतरायला लागली. मे महिन्यात आणखी एक पायरी आली, ४ मिलिग्रॅमपर्यंत, मर्यादित वेळेसाठी.

२ मिलिग्रॅम ऐकायला चिमूटभरही वाटत नाही. एक ढोबळ हिशेब करू. इंजिनाच्या गाभ्यात सेकंदाला ३०० घनमीटर हवा जाते असं धरलं, तर सेकंदाला ०.६ ग्रॅम राख, म्हणजे तासाला दोन किलोहून जास्त. हा हिशेब फळ्यावर मांडला की आकडा फार कडक आहे म्हणणारे गप्प होतात आणि फार सैल आहे म्हणणारे बोलायला लागतात.

मग बंद करायला हवं होतं का?

१५ आणि १६ एप्रिलला हो. नियामकाच्या हातात त्या दिवशी सहनशक्तीचा आकडा नव्हता, हवेतल्या राखेचं मोजमाप नव्हतं, आणि मागे चार इंजिनं विझलेली दोन विमानं होती. पुढे कोपनहेगन आणि आइसलँडच्या संशोधकांनी त्या पहिल्या दिवसांतली राख तपासली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कण असाधारण बारीक आणि धारदार निघाले, दोन आठवडे पाण्यात ढवळून एकमेकांवर घासले तरी त्यांची धार बोथट होत नव्हती. सुरुवातीचा निर्णय त्याने उचलून धरला.

१७ पासून पुढे मात्र मी तेवढ्या ठामपणे नियामकाच्या बाजूने उभा राहणार नाही. २० तारखेला जो आकडा आला तो काही नव्या प्रयोगातून आलेला नव्हता. त्या चार दिवसांत कुणी इंजिन भट्टीत घालून राख खाऊ घातली नाही. नियामक, इंजिन कंपन्या आणि विमान कंपन्या एका टेबलावर बसल्या आणि हाताशी होती त्या माहितीवर एक रेषा ओढली. ती रेषा १७ ला ओढता आली असती, १९९० मध्येही ओढता आली असती. काही जण म्हणतात आकडा दबावाखाली आला, पैसा बुडत होता म्हणून. दबाव होताच. तरीही मला दबावाखाली आलेला आकडा "कुठेही, कितीही" या नियमापेक्षा बरा वाटतो. आकडा तपासता येतो, बदलता येतो, आणि त्यावर कुणाची सही आहे हे कळतं.

निर्णय विमान कंपन्यांवर सोडावा का, हा वर्गातला दुसरा वाद. माझ्यासमोर बसणारे बहुतेक जण व्यापारी डोक्याचे असतात, त्यांचं म्हणणं असतं की विमान त्याचं, इंजिन त्याचं, जोखीम तोच जाणे. पण विमान बसलेल्या माणसाचंही असतं आणि ज्याच्या घरावरून ते जातं त्याचंही. २०११ च्या मे महिन्यात आइसलँडमध्येच ग्रिम्सव्होत्नचा उद्रेक झाला. तो आधीपेक्षा कितीतरी मोठा होता, तरी रद्द झालेली उड्डाणं सुमारे ९०० होती, लाखभर नव्हती. मोठे आणि लवकर खाली बसणारे कण, वेगळा वारा हे एक कारण. आकडा आणि पट्टे आधीच ठरलेले होते हे दुसरं. त्यातही रायनएअर या विमान कंपनीने लाल, म्हणजे जास्त राखेच्या, पट्ट्यातून विमान नेलं आणि तिथे राख नाहीच असं जाहीर केलं, नियामकाने ते विमान त्या पट्ट्यात गेलंच नाही म्हटलं. एका आकाशाबद्दल दोघे दोन गोष्टी सांगत असतील तर रेषा ओढणारा तिसरा लागतोच. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत मधला मार्ग आला: राख कुठे आणि किती, हे सल्ला केंद्र सांगेल, कंपनीने आपल्या जोखमीचा अभ्यास आधी नियामकाकडून मान्य करून घ्यावा आणि त्या चौकटीत उडावं.

आपल्या डोक्यावरून गेलेली राख

हे सगळं लांबचं वाटत असेल त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२५ आहे. २३ तारखेला इथिओपियातल्या अफार भागात हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. त्याच्या आधीच्या उद्रेकाची कोणतीही ऐतिहासिक नोंद नव्हती. राख १४ किलोमीटरच्या आसपास उंच गेली, तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून २४ च्या रात्री गुजरात-राजस्थानमार्गे दिल्लीपर्यंत आली आणि २५ ला चीनकडे सरकली. सुमारे चार हजार किलोमीटर, दीड-दोन दिवसांत.

भारताने आकाश बंद केलं नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना कळवलं: बाधित भाग आणि त्या उंचीचे थर टाळा, मार्ग आणि इंधनाचा हिशेब ताज्या सल्ल्यानुसार बदला, इंजिनात काही वेगळं वाटलं किंवा केबिनमध्ये वास आला तर लगेच कळवा; विमानतळांनी धावपट्टी तपासावी. अकासाने जेद्दा, कुवेत, अबुधाबीची उड्डाणं रद्द केली, एअर इंडियाने त्या भागावरून आलेली विमानं तपासणीसाठी थांबवली, इंडिगोचं कन्नूर-अबुधाबी विमान अहमदाबादला वळवलं गेलं. बाकी वाहतूक चालू राहिली.

हा निर्णय मला बरोबर वाटतो, आणि तो शक्य झाला तो २०१० च्या सहा दिवसांमुळे. राख विरळ होत आली होती, उंच थरांत होती आणि तुलूझचे नकाशे थर-थर वेगळे दाखवत होते. मोठी जेट ३५,००० फुटांच्या आसपास उडतात, तर जळगावला येणारी एटीआर विमानं २५,००० फुटांच्या वर जातच नाहीत. एका गावावरचं आकाश एका थरात बंद आणि दुसऱ्यात उघडं असू शकतं. एप्रिल २०१० मध्ये हा विचार व्यवहारात नव्हता, जमिनीपासून वरपर्यंत सगळंच बंद होतं.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. त्या दोन दिवसांत कुठल्या कंपनीने काय ठरवलं हे प्रवाशाला कळत होतं, कोणत्या आकड्यावर ठरवलं हे कळत नव्हतं. एका कंपनीची उड्डाणं रद्द आणि दुसरीची चालू, याचं कारण वेगळा मार्ग होता की वेगळी जोखीम, हे जाहीर व्हायला हवं होतं.

शिंदखेड्याची भेंडी

आता टेम्पोकडे. १५ एप्रिलची संध्याकाळ, खोकी सहारला किंवा वाशीला. भेंडी ७ ते १० अंशांत ठेवली तर आठवडा-दहा दिवस तग धरते. त्याहून थंड केली तर काळे डाग पडतात, एप्रिलच्या उकाड्यात बाहेर ठेवली तर दोन दिवसांत चिवट होते. विमान कधी उडेल हे कुणीच सांगत नव्हतं. व्यापारी दोन दिवस वाट बघतो आणि तिसऱ्या दिवशी निर्यातीच्या प्रतीची भेंडी वाशीच्या बाजारात मिळेल त्या भावाने विकतो. बहुतेक सगळे एकाच दिवशी हे ठरवतात, त्यामुळे भावही पडलेला असतो. मागे शेतात तोड थांबवता येत नाही, भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते.

अशा वेळी शिंदखेड्याकडचा कुणीतरी विचारतोच, "मंग आमनं काय, सर?"

अडकलेल्या प्रवाशाला युरोपात कायदा होता. राख ही असाधारण परिस्थिती असली तरी कंपनीने त्याला जेवण आणि निवारा दिलाच पाहिजे, त्याला कमाल मर्यादाही नाही, असं युरोपीय न्यायालयाने ३१ जानेवारी २०१३ ला एका प्रवाशाच्या दाव्यात स्पष्ट केलं. मालाला असं काही नाही. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे, जो भारताने २००९ मध्ये स्वीकारला, उशिरामुळे झालेल्या नुकसानीला विमान कंपनी जबाबदार असते. पण तिने शक्य ते सगळं केलं होतं हे दाखवलं की सुटते, आणि सरकारनेच आकाश बंद केलं असेल तर हे दाखवायला काही कष्ट पडत नाहीत. मग विमा? मालवाहतुकीच्या विम्याच्या प्रचलित कलमांत उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. अगदी सगळ्यात व्यापक समजल्या जाणाऱ्या कलमांतही. वर्गात पॉलिसी आणायला सांगितली की हे कलम बहुतेकांना पहिल्यांदा दिसतं.

उरतो तो खरेदीचा करार. माल कन्साइनमेंटवर दिला, म्हणजे लंडनला विकून येईल तो भाव, तर अडकलेली भेंडी शेतकऱ्याची. वाशीच्या पॅकहाउसमध्ये वजन झालं की भाव पक्का आणि माल व्यापाऱ्याचा असं लिहून घेतलं, तर राखेची जोखीम व्यापाऱ्याकडे जाते, किलोमागे दर मात्र कमी मिळतो. वर्गात दोन्ही करार शेजारी ठेवून हिशेब करायला लावला, की बहुतेक जण पक्क्या भावाच्या बाजूने हात वर करतात. हंगामात लंडनचा भाव चढला, की त्यातलेच काही जण फोन करून विचारतात, कन्साइनमेंटवर दिला तर जमेल का?